खडोलीचे पायपुसणे धुळ्याला जाते

मित्रांनो, कोणाच्या घरी गेलात म्हणजे तुम्ही प्रथम दारावरची पाटी वाचता, मग तोरणाकडे पाहता. खाली सहसा कोणी पाहत नाही. खाली मी असते. मी एक जुने पायपुसणे आहे. आता माझ्या वेण्या विरल्या आहेत व कडेचे टाके सुटले आहेत, तेव्हा आपली हकिकत सांगून टाकावी असे मला वाटते.

माझा जन्म सिल्वासाजवळील खडोली या गावी सन १९८६ मध्ये झाला. तेथे धाग्याला पीळ देणारा एक कारखाना होता. यंत्रावर धागा तुटला की त्याचा गुंता होई, आणि असा गुंता कारखान्याच्या मागे ढिगाने पडलेला असे. धुळे जिल्ह्यातून पोटासाठी आलेले सदाशिवभाऊ त्या कारखान्यात यंत्र चालवीत. साहेबांना विचारून ते एकदा पिशवीभर गुंता घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी मंगलाबाई यांनी तो बसून सोडवला, त्याच्या जाड वेण्या घातल्या आणि त्या वेण्या दाभणाने एकमेकींस टाचून मला लांबट गोल आकार दिला. माझा रंग पांढरा होता व मधून मधून निळी छटा होती. शेजारच्या खोलीतील गुजराती बाई मला पाहून म्हणाल्या, "आ तो बहु सरस छे. याच्यावर पाय कसा ठेवायचा?" ती माझी पहिली स्तुती होय. त्यानंतर सर्वांनी माझ्यावर पाय ठेवले, व तेच योग्य होते.

कारखान्याची फरशी सदैव तेलकट असे. सदाशिवभाऊंच्या रबरी स्लिपरांना ते तेल लागे, आणि पहिली पाळी सुटून ते घरी आले की ते तेल माझ्या अंगात मुरे. त्यांची रीत ठरलेली होती. आधी डावा पाय घासायचा, मग उजवा. अशी वर्षे गेली. मी काळपट झाले. रविवारी मला भिंतीवर आपटून झटकीत, पण धूळ गेली तरी तेल जात नसे.

एके दिवशी एक भुरी मांजर कोठूनशी आली आणि माझ्यावर बसली. तिला कोणी बोलावले नव्हते व कोणी हाकललेही नाही. तिचे नाव भुरीच पडले. पुढे दारामागे, माझ्या शेजारीच, तिला एक ठिपक्यांचे पिल्लू झाले. ती ठिपकी. दोघींना गादी दिली तरी त्या माझ्यावरच निजत. सदाशिवभाऊ घरी आले म्हणजे त्यांना पाय पुसण्यास जागा उरत नसे. तेव्हा ते भुरीला विचारीत, "काय गं भुरे, पाणी तापलं का?" हा प्रश्न वास्तविक मंगलाबाईंना असे. त्या आतूनच उत्तर देत, "तापलंय म्हणावं." मग भुरी अंग ताणून बाजूला होई.

सदाशिवभाऊंच्या मातोश्री तानूबाई यांचे गुडघे दुखत. दुपारी भुरी त्यांच्या गुडघ्यांवर जाऊन बसे. तानूबाई म्हणत, "औषधापेक्षा हिची ऊब बरी." असे त्या घरात चालले होते.

सन १९९४ मध्ये कारखान्यातील पाळ्या कमी झाल्या. पुष्कळ लोक गाव सोडून गेले व चाळीतील खोल्या रिकाम्या पडू लागल्या. सदाशिवभाऊंना धुळ्याच्या एका सूतगिरणीत काम मिळाले. सामानाचा ट्रक आदल्या दिवशी पुढे गेला. तानूबाईंना एस.टी.चा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून सिल्वासाहून एक अ‍ॅम्बॅसेडर गाडी ठरवली गेली. प्रश्न मांजरींचा होता.

तानूबाई म्हणाल्या, "त्यांना इथंच राहू दे, मंगल. हे घर त्यांचं आहे. तिकडे बिथरून पळाली म्हणजे कुठं शोधशील?"

मंगलाबाई म्हणाल्या, "आत्याबाई, दोन्ही बाजूच्या खोल्यांना कुलूप लागलंय. इथं त्यांना घास घालणार कोण?"

तानूबाई एवढेच म्हणाल्या, "बघ बाई. हरवली तर माझ्यासमोर रडायचं नाही."

दोन्ही मांजरींना बांबूच्या मोठ्या टोपलीत घालून वरून जाळी बांधली. मला उंबऱ्यावरून सर्वांच्या शेवटी उचलले, गुंडाळले आणि डिकीत टाकले. माझ्या आधी तेथे कागदात बांधलेले एक पुडके होते. त्यात सदाशिवभाऊंचे कारखान्यातील स्लिपर होते. मंगलाबाईंनी ते टाकून देण्यास सांगितले होते, परंतु सदाशिवभाऊंनी ते टाकले नव्हते.

गाडी सुरू होताच मांजरींनी आक्रोश मांडला. गाडीचा चालक झिपरू हा बोलका मनुष्य होता. तो म्हणाला, "माय, मांजर आडवं गेलं तर मी गाडी थांबवतो. इथं मांजर गाडीतच बसलंय. आता थांबू का चालू, तूच सांग."

तानूबाई म्हणाल्या, "ती आडवी कुठं गेली? तुझ्या मागं बसली आहे. तू समोर बघ."

वाटेतले कपराडा गाव येईपर्यंत भुरीने जाळीवर नखे मारून पाय रक्ताळून घेतला. तिला धाप लागली होती व तोंडातून फेस येत होता. सदाशिवभाऊ म्हणाले, "माय म्हणत होती तेच खरं. सोडायला पाहिजे होतं." मंगलाबाईंनी गाडी थांबवावयास लावली, डिकीतून मला काढले आणि टोपलीच्या तळाशी अंथरले. भुरीने मला हुंगले. तिने माझ्यावर दोन्ही पंजे आळीपाळीने दाबले व ती बसली. ठिपकी तिच्या पोटाशी शिरली. पुढील घाटात वळणामागून वळणे आली, पण आवाज आला नाही.

झिपरू आरशात पाहत म्हणाला, "असं पायपुसणं मला पण द्या ना. आमची बाई माहेरी जाताना असाच आवाज करते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातील अभिमानाचा प्रवास तोच. पेठच्या पुढे ठिपकीला ओकारी झाली व ती माझ्यावर झाली, परंतु त्याचे मला वाईट वाटले नाही.

धुळ्यास देवपुरात नवे घर होते. घरमालकीण नलिनीताई स्वागतासाठी दारातच उभ्या होत्या. त्यांच्यासमोर टोपली उघडताना मंगलाबाईंना फार संकोच वाटला. मी काळे, तेलकट व वरून ओकारीने भरलेले. तानूबाई हळूच म्हणाल्या, "आधी ते धुऊन टाक. नव्या उंबऱ्यावर जुनी घाण नको." मांजरींना आतील खोलीत ठेवून मंगलाबाईंनी मला मोरीत नेले. कढत पाणी ओतले, साबणाची पूड टाकली आणि ब्रशाने घासले. बादलीतील पाणी काळे होत गेले. त्या पाण्यातून माझी सगळी वर्षे वाहून गेली हे मला तेव्हा समजले नाही. मी जन्माच्या वेळी होते तसे पांढरे निघाले. निळी छटासुद्धा दिसू लागली.

मला अंगणात दोरीवर वाळत घातले. थोड्या वेळाने आतील दार उघडे राहिले व भुरी बाहेर आली. ती माझ्याखाली थांबली. मान वर करून तिने माझे टोक हुंगले, आणि परक्या वस्तूजवळून जावे तशी ती पुढे गेली. कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरली.

त्या दिवशी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मंगलाबाई गल्लीगल्लीतून हाका मारीत हिंडल्या. ठरल्याप्रमाणे त्या सासूसमोर रडल्या नाहीत. मोरीत जाऊन रडल्या. तानूबाईंनी दुपारी पाय पसरून बसणे सोडून दिले. आता गुडघ्यांवर काही ठेवावयाचे नव्हते. मी मात्र दारात स्वच्छ पडून होते. नलिनीताई म्हणाल्या, "किती छान आहे हो, घरी केलंत?" घरातील माणसेही पाय धुऊन, मला ओलांडून आत जात. एवढा मान मला पूर्वी कधी मिळाला नव्हता आणि मी एवढे निरुपयोगीही कधी नव्हते.

ठिपकी पलंगाखाली दडून बसली होती. तिला शोधण्यासाठी तानूबाई मोठ्या कष्टाने वाकल्या. ती डिकीतून आणून तेथे ठेवलेल्या त्या पुडक्याचा कागद फाडून, सदाशिवभाऊंच्या जुन्या स्लिपरात तोंड खुपसून झोपली होती. तानूबाईंनी एक स्लिपर काढून नाकाशी नेला. त्याला अजून कारखान्याच्या तेलाचा वास होता.

"सदा," त्यांनी हाक मारली, "हे घाल आणि बाहेर जा. खडोलीला पाळी सुटायची त्या वेळेला घरी ये."

"माय, मी तर घरीच आहे."

"मग बाहेर जा म्हणते ना. आलास की पाय पूस. चांगले पूस. मीच धुवायला लावलं, आता मळवायलाही मीच सांगते."

सदाशिवभाऊ कोपऱ्यापर्यंत गेले व परत आले. त्यांनी आधी डावा पाय घासला, मग उजवा. कित्येक दिवसांनी माझ्या अंगात काहीतरी मुरले. ते थोडेसे अवघडून म्हणाले, "काय गं भुरे, पाणी तापलं का?" आतून मंगलाबाईंचे उत्तर आले नाही. त्या मोरीत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या दिवशी नलिनीताईंनी विचारले, "आजी, तुमचे चिरंजीव दारात कोणाशी बोलतात?"

"मांजराशी," तानूबाई म्हणाल्या.

"कुठं आहे मांजर?"

"तेच तर."

त्याच दिवशी सदाशिवभाऊंनी डावा पाय घासला, उजवा घासला आणि प्रश्न विचारला. मंगलाबाई आतून म्हणाल्या, "तापलंय म्हणावं." तेव्हा समोरच्या पत्र्यावर काहीतरी वाजले. भुरी होती. हडकली होती व तिच्या कानाला जखम होती. ती भिंतीवरून उतरली, सावकाश अंगण ओलांडून माझ्यापाशी आली. तिने मला हुंगले. मी श्वास रोखून धरला असता, पण मला श्वास नाही. तिने माझ्यावर दोन्ही पंजे आळीपाळीने दाबले आणि अंगाची गोल गुंडाळी करून ती निजली.

आत टाकायचा पाय तसाच उचलून सदाशिवभाऊ बाहेर एका पायावर उभे होते.

तानूबाई म्हणाल्या, "उठवू नको तिला. वरून उडी मारून ये." आणि त्यांनी भिंतीला टेकून पाय पसरले.

मित्रांनो, स्वच्छता आवश्यक आहे, मी तिच्या विरुद्ध नाही. मंगलाबाई आजही मला धुतात. पण एका वेळी अर्धेच. या महिन्यात एक बाजू, पुढच्या महिन्यात दुसरी. त्यामुळे माझी एक बाजू नेहमी मळकी दिसते. तुम्ही धुळ्याच्या त्या घरी आलात, तर कृपया त्या बाजूला नाव ठेवू नका आणि तिच्यावर पाय देण्यापूर्वी खाली पाहा. तेथे कोणीतरी राहते.