डावीकडे गेलेल्या ओळी

"कोणाले नाई नाई म्हणून राहिली वो, चंद्रकांता?" पुंडलिकरावांनी ओट्यावरून विचारलं आणि ओट्यावरची मंडळी हसली.

चंद्रकांता थांबली नाही. आसगावच्या रस्त्याच्या मधोमध ती एकेक पाऊल टाकत होती आणि प्रत्येक पावलाला मान आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवत होती. मान डावीकडे आली तेव्हा ती म्हणाली, "तुमालेच म्हणून राहिली भाऊ. चक्कर गेली का म्हणून आता विचारू नका." मागोमाग तिचा नवरा ताराचंद चालला होता, ती पडलीच तर धरायला. त्यालाही हसू आलं. बायको आजारी असताना हसावं की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते मिशीत दाबलं.

ताप ज्येष्ठात आला होता. व्हायरलचाच, तेव्हा गावात घरोघरी होता. ताप उतरला, तोंडाला चव आली, आणि एका सकाळी चंद्रकांता खाटेवर उठून बसली तर घर गरगर फिरायला लागलं. उलट्यांनी तिचा जीव अर्धा झाला. ताराचंदने तिला कवटाळून धरलं तेव्हा ती डोळे घट्ट मिटून म्हणाली, "मले नका धरू. घर धरा."

शेजारपाजाऱ्यांनी आपापल्या परीने निदान केलं. कोणी कमजोरी म्हटलं, कोणी पित्त, आणि सलाईन लावा यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. शेवटी भंडाऱ्याच्या कानाच्या डॉक्टरने नीट समजावून सांगितलं. तापाच्या विषाणूने डाव्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आणली होती. गोळ्या थोडेच दिवस. पुढे मान वळवायची, वाकायचं, चालायचं. ज्याने चक्कर येते तेच रोज थोडं थोडं करायचं, म्हणजे डोकं हळूहळू नव्याने तोल शिकेल. झोपून राहाल तर बरं व्हायला आणखी वेळ लागेल, असंही तो म्हणाला. ताराचंदला हा इलाज उफराटाच वाटला. चंद्रकांताला मात्र तो लगेच पटला, कारण झोपून राहणं तिला आजारापेक्षा जड जात होतं.

घर फिरायचं थांबलं, पण तोल काही पुरता आला नाही. न्हाताना डोळे मिटले की ती भिंतीला लागायची. चुलीपुढे वाकून उठली की क्षणभर खांब धरून उभी राहायची. अंगावर ना जखम ना पट्टी, त्यामुळे लोकांना ती ठणठणीत दिसायची, आणि याचाच तिला जास्त त्रास व्हायचा. तरी सकाळ-संध्याकाळ तिची मान वळवत चाललेली फेरी कधी चुकली नाही. कधी कधी ती पडवीत येऊन बसायची आणि रडायची. मग तोंड धुऊन पुन्हा रस्त्याला लागायची. आपल्या बायकोत एवढा चिवटपणा आहे हे ताराचंदला इतकी वर्षं संसार करूनही माहीत नव्हतं.

तिला घाई होती ती रोवणीची. गावात भाताची रोवणी करणाऱ्या बायांचा एक गट होता आणि चंद्रकांता त्याची म्होरकी होती. तण काढणारं निंदणाचं मशीन धानातून चालवायचं तर ओळी सरळ लागतात. इतर गट त्यासाठी दोरी बांधतात. या गटाला दोरी लागत नसे. बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, कडेची पहिली पात चंद्रकांता धरायची, मागे सरकत सरकत रोवायची, आणि बाकीच्या बाया तिच्या ओळीला धरून आपापली ओळ लावायच्या. तिची नजर म्हणजेच दोरी, असं शेतमालक म्हणायचे.

"यंदा राहू दे, सूरजची माय," ताराचंद एकदा म्हणाला होता.

"यंदा घरी बसली तं पुढच्या साली मी निस्ती सूरजची मायच राहीन," ती म्हणाली.

श्रावण लागता लागता भय्याजींच्या शेतात रोवणीला सुरुवात झाली. भय्याजी गावातले मोठे शेतकरी. गेल्या कित्येक वर्षांची त्यांची रोवणी याच गटाकडे. ताराचंद पऱ्ह्यांच्या, म्हणजे कोवळ्या रोपांच्या, पेंढ्या वाहून आणून बांधीत टाकायच्या कामावर होता. चंद्रकांता बांधाच्या धुऱ्यावरून पाण्यात उतरली आणि तिथेच थबकली. बांधीभर पाणी, पाण्यात आभाळ, आणि ते आभाळ वाऱ्याबरोबर सरकत होतं. चालत्या ढगांवर उभं राहायचं म्हणजे धडधाकट माणसालाही जड, तिला तर काय होत असेल! तिने ओठ आवळले, वाकली आणि पहिली रोपं चिखलात खोचली. शेजारच्या पातीला तिची सून भावना होती, तिच्या पलीकडे बाकीच्या बाया.

बांधी अर्धी झाली तेव्हा धुऱ्यावरून ताराचंदला ते दिसलं. आधी त्याला आपल्याच डोळ्यांची शंका आली. चंद्रकांताची ओळ हळूहळू डावीकडे सरकत गेली होती, आणि तिच्याबरोबर सगळ्याच ओळी बैलाच्या शिंगासारख्या वळल्या होत्या. त्याने भावनाकडे पाहिलं. भावनाने वर पाहिलं, पुन्हा मान खाली घातली आणि रोवणीचं गाणं सुरू केलं. बाकीच्यांनी ते उचललं.

"सरळ हाय ना?" चंद्रकांताने वाकल्या वाकल्याच विचारलं.

"हाय," ताराचंद म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी जमलं.

बांधी पूर्ण झाली. बाया चहाला धुऱ्यावर चढल्या. चंद्रकांता सगळ्यांच्या मागून आली आणि वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हातातला चहा कोणी तोंडाला लावला नाही.

"काहून बोलल्या नाई वो कोणी?"

भावना पुढे झाली. "आत्या, आमी सरळ गेलो असतो तं पात तुटली असती, मशीन अडकलं असतं. म्हणून तुमच्या संगं वळलो. आता मशीन बी वळून जाते."

हे खरंच होतं. भय्याजी आले, त्यांनीही पाहिलं आणि धानाला सरळ-वाकडं कळत नाही, असं म्हणून मोकळे झाले. गोष्ट तिथे मिटली असती. चंद्रकांता ताराचंदकडे वळली.

"तुमाले तं वरून दिसत होतं."

"हो."

"मंग?"

"तू पाण्यात उभी होती," तो म्हणाला. "मले तेवढंच दिसून राहिलं होतं."

तिने पदराने डोळे पुसले, लपवले नाहीत. मग थंड झालेला चहा एका घोटात संपवला. आता घरी नेऊ का, असं ताराचंदने हळूच विचारलं, तर तिने ते ऐकूच आलं नाही असं केलं आणि दुसऱ्या बांधीकडे चालायला लागली. तिथे पोचल्यावर म्हणाली, "भावना, पहिली पात तू धर."

"मी नाई धरत, आत्या. ते तुमची जागा हाय. वाकडी तं वाकडी."

"एका बांधीत माह्या मागं आल्या, लई झालं बाई. माह्या कानापायी भय्याजीच्या धानाले कायले वळवता? तुले येते. मी पाह्यलं हाय."

भावना कडेला उतरली. चंद्रकांता तिच्या शेजारच्या पातीला उभी राहिली, जिथे पहिल्या बांधीत भावना होती. आता तिला आभाळ पाहायचं नव्हतं, कड पाहायची नव्हती, फक्त सुनेची ओळ धरायची होती. पहिल्या काही रोपांना भावनाचा हात अडखळत होता, दर वेळी ती सासूकडे पाहत होती. "माह्याकडं पाहू नको," चंद्रकांता म्हणाली, "तुही ओळ पाह." त्यानंतर भावनाचा हात बसला आणि ओळ सरळ जायला लागली.

ताराचंद पेंढ्या टाकत होता. चंद्रकांता मधूनच थांबायची, गुडघ्यावर हात टेकायची, डोळे स्थिर करायची आणि पुन्हा वाकायची. बाकीच्या हळूहळू पुढे निघून गेल्या, त्यांची पात संपत आली. तिची एकटीचीच मधे रिकामी पट्टी राहिली. त्या पट्टीत शिरून चार रोपं लावून द्यायला कोणालाही वेळ लागला नसता, पण ती तिची पात होती, म्हणून कोणी शिरलं नाही.

चंद्रकांताने शेवटचं रोप खोचलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तोवर बाया आपापल्या पातीच्या टोकाशी, पाण्यातच उभ्या होत्या. धुऱ्यावर एकही चढली नव्हती.