काळ्या दलदलीतली टाचणी

“टाचणी जिथे लावशील, तिथेच जाऊन बस,” असं व्हर्नाने आपल्या सुनेला लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात बजावलं होतं. ब्रिटाने हो हो म्हटलं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. कॉलेजात चार वर्षं रहदारीचा अभ्यास केलेल्या मुलीला सासूने टाचण्यांबद्दल काय शिकवायचं, असं तिला वाटलं होतं.

टाचणी म्हणजे रोझीच्या बारमधली. तिथल्या भिंतीवर सरकारी जंगलाचा भलामोठा नकाशा आहे. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हरणांची शिकार खुली होते. आदल्या दिवशी प्रत्येकाने येऊन आपली बसायची जागा टाचणीने दाखवायची, टाचणीखाली नावाची चिठ्ठी. कोणी कोणाच्या अंगावर जाऊन बसू नये, कोणाच्या दिशेने गोळी जाऊ नये, आणि संध्याकाळी कोणी परतलं नाही तर कुठे शोधायचं ते कळावं, म्हणून. सोय उत्तम आहे. अडचण एवढीच, की तिथे कोणीही खरं सांगत नाही. चांगली जागा चारचौघांत दाखवणं म्हणजे घराची किल्ली दारावरच टांगून गावाला जाणं.

व्हर्नाच्या नवऱ्याने, डेल्मरने, एका वर्षी टाचणी टेकडीवर लावली आणि स्वतः नदीकाठी जाऊन पाय मुरगळून पडला. सगळं गाव अंधार पडेपर्यंत टेकडी पिंजून काढत होतं. त्याला हाका ऐकू येत होत्या, पण जागा उघडी पडेल म्हणून त्याने बराच वेळ ओ दिली नाही.

ब्रिटाने तो नकाशा पहिल्या वर्षी अर्धा तास निरखला. तिचं गणित सरळ होतं. हरणं कुठे जातात ते इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणसं कुठे जाणार हे ज्याला कळलं, त्याचं साधलं. ओढ्याच्या वळणावर एकही टाचणी नव्हती. तिने आपली टाचणी उत्तरेला कुठेतरी खोचली आणि शनिवारी पहाटे ओढ्याचं वळण गाठलं. उजाडलं तेव्हा तिथे तिच्याशिवाय शिकाऱ्यांची आणखी पाच नारिंगी जाकिटं होती, झाडागणिक एक. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी त्यातले पोस्टमास्तर म्हणाले, “आता आलोच आहोत तर बसू. कॉफी कोणाकडे आहे?”

दुसऱ्या वर्षी तिची टिल्डा नऊ महिन्यांची होती. नवरा कागदाच्या गिरणीत पाळीवर, म्हणून पोरगी व्हर्नाकडे ठेवायची होती. ब्रिटाने सासूला एकोणीस सूचना कागदावर लिहून दिल्या. “चार पोरं वाढवली गं मी,” व्हर्ना म्हणाली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. पण ब्रिटाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. टिल्डा झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची तिला सवय लागली होती. आणि त्या जंगलात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी यायची: गाड्या लावायच्या मैदानाला लागून, सरकारी संडासाच्या मागे.

आधी तिला हसू आलं. मग ती विचारात पडली. पहाटे तीस-चाळीस गाड्या येणार. प्रत्येक शहाणा दुसऱ्यापेक्षा लांब जाऊन बसायला मैल-दोन मैल चालणार. त्यांच्या पायरवाने उठलेली हरणं वळसा घालून येणार कुठे? जिथून माणसं निघून गेली तिथे. संडासामागे एक उंचवटा, त्याच्या पलीकडे उतार, उतारावर ओकची झाडं. तिथे कोण कशाला बसेल?

तिथे बसते असं मात्र बारमध्ये सांगवेना. तिने टाचणी बीव्हरच्या, म्हणजे त्या पाणप्राण्यांनी लाकडं रचून घातलेल्या, बांधावर लावली.

शनिवारी सगळ्यांचे टॉर्च जंगलात दिसेनासे होईपर्यंत ती गाडीतच थांबली. मग दोनशे पावलं चालून उंचवट्यापलीकडे उतरली आणि एका ओकला पाठ लावून बसली. मोबाइलवर तीन रेघा होत्या. स्वतःच्या हुशारीवर ती मनातून खूश झाली.

“वाकून बस,” शेजारचं झाड म्हणालं. “टोपी दिसते.”

ब्रिटाने दचकून वळून पाहिलं. पालथ्या बादलीवर उशी टाकून एक म्हातारा बसला होता. व्हर्नाचा थोरला भाऊ एल्डन, वय एकोणऐंशी.

“एल्डनमामा? तुम्ही इथं?”

“तुझी टाचणी कुठंय?”

“बीव्हरच्या बांधावर.”

“माझी काळ्या दलदलीत. म्हणजे आपण दोघंही इथं नाही. मग बोलतंय कोण? गप्प बस.”

काळी दलदल म्हणजे नकाशाचा अगदी खालचा कोपरा. मैदानापासून सव्वादोन मैल, त्यातला शेवटचा अर्धा मैल गुडघाभर चिखलातून. एल्डनची टाचणी तिथे सव्वीस वर्षं आहे. तो ती काढतही नाही. तिचा गंज कागदात उतरलाय. दलदलीतून हरीण एकट्याने ओढून आणणारा शेवटचा माणूस म्हणून नवी पोरं त्याला बारमध्ये उठून जागा देतात.

“किती वर्षं झाली इथं बसायला?” तिने कुजबुजत विचारलं.

“गुडघे गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून.” त्याने तिच्याकडे एक बरणी सरकवली. “घे. मुरवलेले हेरिंग आहेत.”

ब्रिटाने झाकण काढून बोट घातलं. आत गार, काळं, बुळबुळीत काहीतरी होतं. मासा नव्हता.

“अरे देवा, ती नव्हे. ती चिखलाची.” त्याने दुसरी बरणी काढली. “इथली माती लाल. दलदलीतली काळी. रोझी बूट बघते.”

ब्रिटाला हसू आवरेना. तोंडावर हातमोजा दाबून ती एवढी हलली की ओकची पानं गळली.

“हस हस,” एल्डन म्हणाला. “बीव्हरचा बांध गेल्या वसंतातच फुटलाय, तिथं आता बांधच नाही. तुला माहीत नव्हतं ना? बारमध्ये सगळ्यांना माहीत होतं. काल तू गेल्यावर सगळे हसत होते.”

त्यांनी वाटणी केली. डावीकडची पायवाट त्याची, उजवीकडची तिची. साडेसातला लांबून बंदुकांचे आवाज यायला लागले. ब्रिटाने व्हर्नाला मेसेज केला: उठली का? उत्तर आलं: सूचना क्रमांक चार वाचते आहे.

आठच्या सुमारास उतारावर नर दिसला. आठ टोकांची शिंगं, मान खाली, डावीकडच्या पायवाटेवर. म्हणजे एल्डनचा. ती वाट बघत राहिली. गोळी काही सुटेना. तिने मान वळवली. एल्डनची हनुवटी छातीवर टेकलेली, बंदूक मांडीवर, ओठ निळसर. छाती वरखाली होताना दिसत नव्हती. एवढ्या जाड जाकिटातून दिसणारही नव्हती, हे तिला कळत होतं. तरी ती उठली. चार पावलं, पाचोळा कुरकुरला. हातमोजा काढून तिने बोट त्याच्या नाकाशी धरलं.

बोटाला ऊब लागली. त्याच क्षणी उतारावर नर जोरात फुस्कारला आणि शेपटीचा पांढरा झेंडा उभारून झाडीत पसार झाला.

एल्डनने एक डोळा उघडला. “श्वास बघत होतीस?”

“हो.”

“आठ टोकं होती ना?”

“हो.”

“बाई गं,” एवढंच तो म्हणाला. तिला बोललेलं चाललं असतं. हे जास्त लागलं.

मग तिच्या लक्षात आलं. हा माणूस एकटा राहतो. मोबाइल पिकअपमध्ये ठेवतो, हरणं बिथरतात म्हणून. उद्या हा इथे खरंच गप्प झाला, तर सगळं गाव दोन दिवस काळी दलदल ढवळेल, आणि हा संडासापासून दोनशे पावलांवर, बादलीवर, उशीवर.

“मामा, टाचणी हलवा.”

“नाही.”

“थोडीशी. निम्म्या वाटेवर तरी.”

“हलवली की दुसऱ्या दिवशी लोक माझं सामान गाडीत ठेवायला येतील. मग माझ्याऐवजी गाडी चालवायला. मग घरी सूप घेऊन.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “तू सांगणार नाहीस. व्हर्नाला नाही, गावात कोणालाच नाही. म्हण.”

तिने शपथ घेतली. दुपारी त्याच्या बुटांना चिखलही तिनेच फासला, कारण त्याला वाकवत नव्हतं. वर नडगीपर्यंत फास, म्हणाला, यंदा पाणी चढलंय.

यंदा ब्रिटा पुन्हा गरोदर आहे, नववा महिना. डॉक्टरांनी शुक्रवारी संध्याकाळीच दवाखान्यात भरती व्हायला सांगितलंय, चाळीस मैलांवर. तरी ती दुपारी पोट सावरत रोझीच्या बारमध्ये गेली. गंजलेली टाचणी जागेवर होती. तिचा हात आपोआप तिकडे गेला.

“सूनबाई,” पाठीमागून एल्डन म्हणाला, “हात दुखेल. खाली घे.”

तिने हात खाली घेतला. मग आपली टाचणी उचलली, चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि ती संडासामागच्या उंचवट्यावर खोचली. सगळा बार खदखदून हसला.

“या पोटाने जाणार?” पोस्टमास्तर म्हणाले. “आणि तिथं काय मिळणार?”

“पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतेय. यंदा कोणी बसायचं नाही.”

“जागा खरी आहे ना गं?” व्हर्नाने हळूच विचारलं.

“यंदा पहिल्यांदाच,” ब्रिटा म्हणाली. एल्डन हसला नाही. ग्लास फिरवत बसला होता.

तिने शपथ घेतली ती व्हर्नाला आणि गावात कोणाला न सांगण्याची. तुम्हाला न सांगण्याची नव्हे. म्हणून तिची तुम्हाला एवढीच विनंती आहे: शनिवारी त्या बाजूने जात असाल, तर गाडी मैदानात लावा. नारिंगी जाकीट घाला. संडासाच्या मागून दोनदा खोका, मगच उंचवटा चढा. “टोपी दिसते” असं कोणी खेकसलं, तर माफी मागून परत फिरा, तुमचं काम झालं. कोणी खेकसलं नाही, तर ओकखाली बादली शोधा, हातमोजा काढा आणि त्याच्या नाकाशी बोट धरा. हरीण पळेल. पळू दे.