पाचव्या प्रकरणातला पोलीस

आदल्या दिवशी हिंमतरावांनी पुस्तकाला कव्हर घातलं. ओट्यावर मांडी घालून बसले, जुना पेपर पसरला, कात्रीने कोपरे कापले आणि मुलगी कामिनी शाळेत असताना जसं घालायचे तसंच, बोटाच्या नखाने घड्या दाबत घातलं. वर तिचं नाव लिहिलं. हवालदार म्हणून निवृत्त झाले त्याला आता चौदा वर्षं झाली होती, पण अक्षर अजून तसंच होतं, ठाण्याची डायरी लिहून वळलेलं.

पुस्तक कामिनीचंच होतं. नाशिकच्या कॉलेजात इतिहास शिकवताना तिने नऊ वर्षं खपून लिहिलेलं, इंग्रजीतलं. संक्रांतीच्या सुट्टीत ती तापीकाठच्या गावी आली ती त्याची पहिली प्रत घेऊन. रंजनाबाईंनी, म्हणजे आईने, प्रत हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवली आणि ती चुलीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला गेली. हिंमतरावांनी ती देवापुढून उचलून ओट्यावर आणली.

"कसानं शे हाई?" त्यांनी विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

कामिनीने थोडक्यात सांगितलं. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर दीडशे वर्षांपूर्वी शिंपल्यांचा मोठा धंदा होता. मोती क्वचित सापडायचा. धंदा चालायचा तो शिंपल्यावरच, कारण त्यापासून विलायतेतल्या सदऱ्यांच्या गुंड्या व्हायच्या. समुद्रात बुड्या मारायला माणसं लागत, म्हणून किनाऱ्यामागच्या रानातल्या मूळ रहिवाशांना धरून होड्यांवर चढवत. बाया, पोरंसोरंही. काही पळून जात. मग त्यांच्या मागावर पोलीस सुटत आणि त्यांना परत आणत.

हिंमतरावांनी आपल्या सदऱ्याची वरची गुंडी चिमटीत धरून पाहिली.

"इतलं सगळं गुंड्यासाठे?"

"हो, आप्पा."

"आनि त्या पोलीस कशा आनेत त्यासले?"

"ते पाचव्या प्रकरणात आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "गळ्यात साखळी घालून. चालवत."

हिंमतरावांनी पानं उलटली. पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक फोटो होता. एका ओळीत नऊ माणसं, गळ्यागळ्यांतून गेलेली साखळी, आणि टोकाला एक पोलीस. साखळीचं टोक त्याने सैल मनगटाने धरलं होतं, बैलाचा कासरा धरावा तसं. हिंमतरावांनी चष्मा काढून पुसला आणि फोटो पुन्हा पाहिला.

"हाई पाठ माले मराठीमा वाची दाखाड," ते म्हणाले.

"सकाय दाखाडसू, आप्पा," कामिनी म्हणाली आणि आईला मदत करायला उठली. घरात काम फार नव्हतं. भाकरी होत आल्या होत्या.

सकाळी हिंमतराव केळीला पाणी सोडायला गेले आणि बांधावरच कोसळले. शहाद्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. ओट्याच्या कोनाड्यात कव्हर घातलेलं पुस्तक होतं आणि त्यावर त्यांचा चष्मा.

*

ते प्रकरण तिने आदल्या दिवशी का वाचून दाखवलं नाही, हे कामिनीला पक्कं माहीत होतं. ती नऊ वर्षांची असताना हिंमतरावांची नेमणूक डोंगराखालच्या एका ठाण्यावर होती. एका बाजाराच्या दिवशी ती वही घ्यायला दुकानापाशी उभी होती. रस्ता एकदम गप्प झाला म्हणून तिने वळून पाहिलं. चार माणसं एकामागे एक चालत होती. जंगलजमीन नांगरली म्हणून डोंगरातून धरून आणलेली. एकच दोर चौघांच्या गळ्यांतून गेला होता. तिसऱ्याने आपल्या चपला हातात घेतल्या होत्या, वहाण तुटली होती की काय कोण जाणे. दोराचं टोक तिच्या बापाच्या हातात होतं, सैल मनगटाने धरलेलं.

ती दुकानाच्या फळीमागे सरकली. दुपारी हिंमतराव जेवायला घरी आले, साबणाने हात धुतले, आणि जेवता जेवता त्यांनी तिला सतराचा पाढा विचारला. तिने न चुकता म्हटला. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

पुढे मुंबईच्या एका ग्रंथालयात तिने तो साखळीचा फोटो पाहिला आणि विषय तिथेच ठरला. कुणी विचारलं की ती सांगायची, या विषयावर आपल्याकडे काम झालेलं नाही. ते खोटं नव्हतं. त्या किनाऱ्यावरच्या पोलिसांच्या डायऱ्या तिने शब्दन् शब्द वाचल्या होत्या. त्यात पाण्याच्या जागा होत्या, घोड्यांच्या जखमा होत्या, किती मैल चाललो ते होतं. माणसांची नावं क्वचित. या डायऱ्यांवर तिने ऐंशी पानं लिहिली. घरातल्या पोलिसाला एक प्रश्न विचारला नाही.

*

खानदेशात माणूस गेला की लोक दारवर येतात. म्हणजे गावोगावचे सोयरे येऊन मयताच्या दारी बसतात. आणि येणारा दारात दिसला की घरातल्या बायका पदर तोंडावर ओढून रडायला बसतात, नुसतं रडत नाहीत, गेलेल्याला हाक मारून बोलतात. जे बोलायचं राहिलं ते तेव्हा बोलून घेतात. येणाऱ्याचा तो मान असतो. ज्याच्यासाठी घर रडलं नाही, तो माणूस परका.

हिंमतरावांच्या दारी हे काम त्यांच्या बहिणीने, धनुबाईने, उचललं होतं. जीप थांबली की तिचा गळा मोकळा व्हायचा. "माले आते बहीण कोन म्हणी रे भाऊ," इथून सुरू व्हायचं आणि लहानपणी भावाने आपल्या वाटचा गूळ कसा खाल्ला इथपर्यंत जायचं. त्या गुळाला मागे बसलेल्या एकदोघी पदराआड हसायच्याही. रंजनाबाईंचा आवाज तिसऱ्या दिवशीच बसला. कामिनी त्यांच्यात बसायची, पदर घ्यायची, पण तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. कुणाची तरी आत्या दुसरीला सांगत होती ते तिच्या कानावर आलं:

"पोर गह्यरी शिकेल शे ना. तिले रडता येत नही."

सातव्या दिवशी उन्हं चढल्यावर एक म्हातारा आला. जीपने नाही, फाट्यापासून चालत. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला फडकं, पाय गुडघ्यापर्यंत धुळीचे. ओट्याखाली उभा राहून त्याने विचारलं, हवालदारचं घर हेच का. धनुबाईने पदराआडून पाहिलं. डोंगरातला माणूस. कुणी केळीच्या कामाला आला असेल, मजुरी विचारायला. ती गप्प राहिली, आणि ती गप्प राहिली म्हणून सगळ्याच गप्प राहिल्या.

कामिनीने उठून पाण्याचा तांब्या दिला. म्हाताऱ्याने आपलं नाव रेवजी सांगितलं. नर्मदाकाठच्या मणिबेलीच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा होता. काल होडीने निघाला, अक्कलकुव्याला मुक्काम केला, आज इथे. त्याची सून रमिलाबाई शहाद्याकडे केळीच्या मळ्यात कामाला होती, तिच्याकडून त्याला हवालदार गेल्याचं कळलं.

"तू त्याची पोरगी?" रेवजीने विचारलं. डोंगरातली माणसं कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात.

"हो."

"वही घेत होती ती?"

कामिनी खाली बसली.

रेवजी सावकाश सांगत गेला. घरी तो भिली बोलणारा, मराठी त्याला शोधून आणावी लागत होती. दोन होळ्यांमागे हवालदार त्याच्या पाड्यावर आला होता. एकटाच, होडीतून. म्हातारपणी एवढी चढण चढून आला म्हणून रेवजीला आधी वाटलं, पुन्हा काही केस निघाली. हवालदार बाजेवर बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, दोर माझ्या हातात होता. रेवजी म्हणाला, माहीत आहे, गळा माझा होता.

"डोंगरातून येईपर्यंत दोर कमरेला होता," रेवजीने कामिनीला सांगितलं. "बाजाराजवळ आल्यावर साहेब बोलला, गळ्यात घाला, लोकांना दिसू दे. तुझ्या बापाने घातला. मी तिसरा होतो."

"चपला हातात होत्या."

"नव्या होत्या," रेवजी म्हणाला. "जेलमध्ये चोरीला जातात."

धनुबाईने पदर खाली केला होता. रंजनाबाई भिंतीकडे पाहत होती. तिला हे माहीत होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पाड्यावर आला तेव्हा तो मला बोलला," रेवजी सांगत होता, "माझ्या पोरीने पाहिलं. वहीच्या दुकानाजवळ होती, फळीमागे गेली. मी बोललो, मला ते माहीत नाही, मी खाली बघत होतो. तो बोलला, तिने कधी विचारलं नाही. मी बोललो, मग तू सांग. तो बोलला, विचारेल तेव्हा सांगेन. मग मासे केले होते ते खाल्ले. घशात काटा अडकला त्याच्या. भाताचा गोळा दिला, गेला खाली. संध्याकाळच्या आत होडीत बसवला."

"माफी मागितली?"

रेवजी म्हणाला, "नाही. आला होता."

एवढं सांगून तो थांबला. त्याच्याकडे आणखी काही नव्हतं. कुणी चहा आणला, तो त्याने बशीत ओतून प्यायला. बशी खाली ठेवली आणि तो ओट्याकडे पाहत बसून राहिला. कामिनीच्या लक्षात आलं की हा दारवर आलेला माणूस आहे, दोन दिवसांची वाट तुडवून आलेला, आणि घर त्याच्यासाठी रडलेलं नाही. तेही त्याला कळत होतं, आणि तरी तो बसला होता.

कोनाड्यात पुस्तक तसंच होतं. हाई पाठ माले वाची दाखाड. हिंमतरावांनी आपल्या परीने दार उघडलं होतं, आणि ती भाकऱ्यांकडे गेली होती.

कामिनी उठली. हिंमतरावांना जिथे ठेवलं होतं तिथे समई आणि पाण्याचा पेला होता. त्याच्या समोर, धनुबाईची जागा होती तिथे, ती जाऊन बसली. धनुबाई न सांगता बाजूला सरकली. कामिनीने पदर डोक्यावरून पुढे ओढला. रडू आलं नाही. रडण्याचा सूर तिला धरताही आला नसता. ती साध्या आवाजात, ओट्यावर बसलेल्या पाहुण्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने बोलली, आणि नाशिकला गेल्यापासून जी बोली तिच्या तोंडातून निसटत चालली होती, तिच्यातच बोलली.

"आप्पा, मी तुमले देखं व्हतं. बजारमा, वहीसना दुकानजोडे. दोर तुमना हातमा व्हता. मी देखं आनि कोनलेच सांगं नही."