रुळांलगतची उघडी दारं

आपल्यापैकी किती जण फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारतात? मोबाईल हाती आल्यापासून सगळं जग आपल्याच मालकीचं, अशा थाटात आपण वावरतो. ही गोष्ट अशाच एका छायाचित्रकाराची. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा.

शहरातल्या रुळांलगतच्या घरांचं रोजचं जगणं त्याने टिपलं होतं आणि त्याचं प्रदर्शन भरवलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तो भिंतीवरच्या फ्रेमा सरळ करत असताना दोन बायका आत आल्या. पुढे सासू, मागे मान खाली घातलेली सून. बाहेरच्या फलकावर स्वतःला पाहून ती हबकली होती. आत दर्शनी भिंतीवरही तीच होती, दाराएवढी मोठी. विटका गाऊन, दाराबाहेरच्या पिंपाशी वाकून ओले केस पिळताना.

"हा काढा," ती म्हणाली. "समोरच्या बालवाडीत मी शिकवते. उद्या माझ्या वर्गातली मुलं आईवडिलांबरोबर इथे येणार आहेत. मी कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर उभी राहू?"

छायाचित्रकार गडबडला. हा त्याचा सगळ्यात लाडका फोटो. "अहो ताई, यात लाजण्यासारखं काय आहे? आणि तुम्ही उघड्यावरच होतात की. दिवसभर गाड्या जातात, शेकडो लोक बघतात. त्यात मी एकट्याने पाहिलं तर काय बिघडलं?"

सासूबाई खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

"बाळा, गाडी आली की आम्ही हातातलं काम तसंच चालू ठेवतो. ती धडधडत निघून जाते, आतल्या माणसाला आमचं तोंड आठवतही नाही. म्हणून तर निभतं. तुझी गाडी मात्र इथे येऊन उभी राहिलीये आणि हलायचं नाव घेत नाहीये. तुझ्या आईचा असा फोटो आम्ही चौकात लावला तर चालेल?"

त्याला आई दिसली. दारात पाहुणे आले की आधी केस सारखे करून, कपडे बदलून मगच बाहेर येणारी. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. आपण उघडं दार पाहिलं, पण आत घर आहे हे विसरूनच गेलो!

तो शिडीवर चढला, फ्रेम उतरवली, बाहेरचा फलकही काढून आणला. कॅमेऱ्यातला फोटो त्याने सुनेसमोर पुसून टाकला. सून मटकन सासूशेजारी बसली. "सुटले बाई," ती म्हणाली आणि तिला हसूच फुटलं.

"भिंत ओकीबोकी झाली की रे," सासूबाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी ये. आम्ही नीट आवरून बसतो. माझा मात्र डावीकडून काढ, उजवीकडचे दात गेलेत."

संध्याकाळी तो गेला. शेजारच्या घरांतही विचारायचं म्हणून बाकीचे फोटो त्याने पिशवीत घेतले होते. सासूबाईंचं दार सताड उघडं होतं. तरी तो बाहेर थांबला, चौकटीवर टकटक केली आणि आतून "ये" ऐकल्यावरच त्याने पाऊल टाकलं.

मित्रहो, कोणाचं घर कितीही रस्त्यावर आलेलं असो, नाही म्हणायचा हक्क त्या घराला असतोच. कॅमेरा उचलण्याआधी एकदा विचारा. बहुतेक लोक हो म्हणतात, आणि सरकून बसायला जागाही करून देतात.