चारही चाकांचा जोर

आमच्या ह्यांची सगळी नोकरी शहराची बस चालवण्यात गेली. सायकलवाले पुढे निघून जायचे, एवढा त्यांचा वेग. मग निवृत्तीनंतर माणसानं चांगली ऐसपैस गाडी घ्यावी की नाही? नाही. ह्यांना हवी होती बुटकी, चपटी, आत बसलं की बाहेर काढायला दोघं लागतील अशी स्पोर्टी सेडान. उन्हाळाभर घरात दुसरा विषय नाही. रंग ठरला, इंजिन ठरलं आणि घोडं अडलं ते ऑल-व्हील ड्राइव्हपाशी. जोर चारही चाकांना हवा, की मागच्या दोन चाकांना दिला तरी भागेल? रोज तळ्यात-मळ्यात.

प्रश्न तसा खराच होता. आमचं घर चढावर. बर्फ पडला की रस्ता असा गुळगुळीत होतो की गाडी खाली लॉण्ड्रीपाशी ठेवायची आणि पिशव्या घेऊन धापा टाकत वर यायचं. "चारवाली घेतली की थेट दारात," हे म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला काहीतरी निमित्त काढून आत जावं लागायचं.

कारण बर्फ पडेपर्यंत ते राहणार नव्हते. डॉक्टरांनी मला आणि धाकट्या भावजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पानगळ बघितली तरी खूप. ह्यांना आम्ही सांगितलं, सूज आहे, औषधानं उतरेल. "वहिनी, आहेत तोवर मजेत राहू देत," भावजी म्हणाले. मी कपडे दुरुस्त करून देते, तोच माझा धंदा. ह्यांच्या पँटींची कंबर दोनदा आत घेतली आणि दोन्ही वेळा कापडाच्या नावानं बोटं मोडली. खोटं बोलण्यात मी कुणाला हार जाणार नाही, अशी माझी समजूत होती.

शोरूममध्ये पेच पडला. सेल्समन म्हणाला, मागच्या चाकांवर चालणारी ही समोर उभी आहे, परवा घेऊन जा. चारवाली मागवावी लागेल, ती बर्फ पडायच्या सुमाराला येईल.

"येऊ दे की," हे म्हणाले. "बर्फासाठीच तर घ्यायची आहे."

ही गाडी त्यांनी चालवावी, एवढं एकच मला हवं होतं. एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी प्रवासी नसताना, थांबा नसताना. आणि हा माणूस समोरची गाडी सोडून त्या दुसरीची वाट बघत बसायला निघाला होता. मी कंबर कसली.

"अहो, चारवाली पेट्रोल जास्त पिते."

"दारापर्यंत येते ना? पिऊ दे."

"वजनाला जड. मग पळणार कशी तुमच्या मनासारखी?"

"माझ्या बसपेक्षा हलकीच आहे."

"आणि बर्फावर थांबायचं म्हटलं तर चार काय नि दोन काय, सारखंच. तुम्हीच सांगितलंत."

"थांबायचंय कुणाला? मला चढायचंय."

"काकूंचं बरोबर आहे," सेल्समन म्हणाला. "बर्फाचे टायर घातलेत तर हीसुद्धा तो चढ बहुतेक चढेल, काका." मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

"बहुतेक चढेल म्हणजे अर्ध्यावरून मागे येईल," ह्यांनी त्याला उडवून लावलं आणि मग माझ्याकडे वळले. "घरी म्हणायचीस, घ्या ती चारवाली आणि माझं डोकं सोडा. आज दोनचा धोशा का लावलायस? घाई कसली आहे तुला?"

तोंडाशी आलेलं मी गिळलं. आणखी एक शब्द बोलले असते तर सगळं बाहेर पडलं असतं. म्हणून मी माघार घेतली.

"घाई कसली? हा हिवाळा, पुढचा हिवाळा, आपल्याला काय कमी आहेत? थांबू की सावकाश."

हे मोठ्यांदा हसले आणि सेल्समनकडे वळले. "ऐकलंस? ही थांबणार म्हणे! अरे, केक फुगेपर्यंत हिला धीर निघत नाही, चारदा ओव्हन उघडून बघते. जन्मात कधी..."

तिथेच ते अडले. हसू तोंडावर तसंच राहिलं. माझ्याकडे बघत राहिले, आणि मी टेबलावरच्या रंगीत पत्रकाकडे.

"बर्फ पडायच्या आधीच का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो काका," सेल्समन म्हणाला. "आधी नाही येणार. उगीच खोटं कशाला सांगू?"

ह्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी मान वर केली आणि 'हो' म्हणून हलवली. तोंडानं म्हणणं मला जमलं नाही. एवढे दिवस सांभाळलेलं मीच माझ्या हातानं सांडलं होतं, आणि ते आता भरून घेता येणार नव्हतं.

त्यांनी ते रंगीत पत्रक मिटून बाजूला सारलं आणि सेल्समनला म्हणाले, "दोन चाकं पुरेत. उभी आहे तीच दे."

"छान केलंत, काका!" सेल्समनची कळी खुलली. "आणि त्या चढाचं?"

"हिला गाडी चालवता येत नाही. ही चालतच जाईल."

त्यांनी सही केली. मला हवी होती तीच गाडी आम्ही घेतली.