न घेतलेली हरकत

चर्चमागच्या सभागृहात दर शुक्रवारी दुपारी आमचं स्क्रॅबल मंडळ भरतं. त्या दिवशी मी कोट काढते न काढते तोच आमची कप्तान डोरीन मला चहाच्या टेबलापाशी ओढत घेऊन गेली.

"एनिड, आज तू क्लिफर्डशी खेळ. प्रेस्टनच्या मंडळाविरुद्धच्या सामन्यात त्याला पहिल्या टेबलावर बसवायचं की नाही, ते मला सांग."

"अगं, मला काय कळतंय?"

"अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर डोकं चालतंय का, तेवढंच बघायचं. बाकीच्या गोड गोड बोलतील. तू खोटं बोलत नाहीस."

खोटं बोलायचं नाही, हे मी रोज पहाटेच्या प्रार्थनेत नव्याने देवापुढे म्हणते. ते असं अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं. क्लिफर्डची बायको गेली, मग झटका आला, उजवा हात अजून थरथरतो. पहिल्या टेबलाच्या त्या मानाच्या खुर्चीसाठीच ते सकाळी दाढी करतात, असं त्यांची लेक म्हणते.

"या बाई," ते म्हणाले. "डोरीनने हेरगिरीला पाठवलंय ना?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पिशवी डोळ्यांच्या वर धरून त्यांनी अक्षरांच्या सोंगट्या काढल्या. फळीवरची अक्षरं बराच वेळ इकडची तिकडे केली आणि मग सगळीच्या सगळी पटावर मांडली. 'ग्रोलेट.'

मी हा शब्द कधी ऐकला नव्हता. पण मला ठाऊक नसलेले कितीतरी शब्द कोशात असतात. अर्थ विचारायची आमच्यात रीत नाही. शंका आली तर हात वर करून 'हरकत' म्हणायचं आणि दोघांनी उठून कोपऱ्यातल्या संगणकावर शब्द टाकायचा. शब्द खरा निघाला तर हरकत घेणाऱ्याची पाळी जाते. हरकतच घेतली नाही, तर पटावर आहे तो शब्द खरा.

माझा हात मांडीवरच राहिला. संगणकाने लाल फुली दाखवली तर सगळ्यांदेखत या माणसाचं काय होईल? आणि गप्प बसले तर ते खोटं बोलणंच नाही का? मी गुण लिहिले.

क्लिफर्ड माझ्याकडे बघतच राहिले.

"हरकत नाही?"

"नाही."

"अहो, हा शब्द मी आत्ता बनवला! गेल्या वर्षी तुम्ही हरकत घ्यायला खुर्चीतून उडाला असतात."

"मग मांडलात कशाला?"

"थापा मारायचा हक्क आहे मला, आणि पकडायचा तुम्हाला. तुम्ही मला चमच्याने भरवायला बसलाय, बाई."

खरंच थाप होती, की हाताने भलतंच मांडलं आणि आता सारवासारव चालली होती? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

पुढच्या पाळीला त्यांनी 'थिबल' मांडला. हाही मी कधी ऐकला नव्हता. मी हात वर केला.

"हरकत."

शेजारच्या टेबलांवरची कुजबुज थांबली. क्लिफर्ड टेबलाला धरून उठले. त्यांच्या कोपराकडे गेलेला माझा हात मी मागे घेतला. शब्द कोशात होता.

"गेली पाळी!" डोरीन लांबून ओरडली.

"थिबल म्हणजे दांडा, माझी आई त्याने लापशी ढवळायची," क्लिफर्ड म्हणाले.

"अर्थ कुणी विचारलाय?" मी म्हटलं. " खेळा मुकाट्याने."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हरले.

कप विसळताना डोरीनने विचारलं, "काय मग, बसवू?"

"त्यांनी मला फसवलं. निदान ते तसं म्हणतात. मला नक्की कळलं नाही."

"हे काय उत्तर झालं?"

"माझ्याकडे खरं एवढंच आहे. त्यांच्यासमोर बसलं की कशाला हरकत घ्यावी आणि कशाला नाही, तेच कळत नाही."

"मग प्रेस्टनवाल्यांनाही कळणार नाही!" म्हणत तिने ओल्या हातानेच फळ्यावर पहिल्या टेबलापुढे क्लिफर्डचं नाव लिहिलं.

बसव, असं मी म्हटलं नव्हतं. नको, असंही म्हटलं नव्हतं. मी पुढचा कप विसळायला घेतला.