उजवा गुडघा कुणी तपासला नाही

राहीला वाटलं होतं, रत्नागिरीत आपण मुलांना मज्जासंस्था शिकवू, ती विसरतील, आपण पुन्हा शिकवू. परदेशातून परत येऊन पाहिलं तर सगळ्यांना सगळं पाठ. कुठली नस कुठून निघते आणि कुठे पोचते, झोपेतून उठवून विचारा. फक्त रुग्णाच्या गुडघ्यावर हातोडी मारायला सांगितली, की मुलं आधी त्याची फाईल मागायची.

हे सांगणारी मी, ती हातोडीच. खिळे ठोकणाऱ्या हातोडीशी माझं लांबचं नातं. वीतभर स्टीलचा दांडा, एका टोकाला तिकोनी रबर, दुसरं टोक निमुळतं. राहीच्या एप्रनच्या डाव्या खिशात माझा मुक्काम.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका शेडमध्ये मला कातलं, घासलं, चकाकी दिली आणि दोनशे बहिणींबरोबर खोक्यात भरून समुद्रापार धाडलं. ग्लासगोच्या एका दुकानात वर्षभर काचेआड पडून होते. राहीने मला उचललं, दांड्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि एकटीच हसली. "अगं, तू पण आपल्याकडचीच!" त्यानंतर आम्ही दोघी एकत्र शिकलो आणि एकत्रच परत आलो. विमानात ती शेजारच्या बाईला सांगत होती, "मी कोकणात जाऊन असे विद्यार्थी तयार करणार, की त्यांचे हात बोलतील." बाई झोपून गेली. मी जागी होते.

माझं काम सोपं आहे. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर मी पडते, निरोप पाठीच्या कण्यात जातो आणि तिथूनच परत फिरतो. मेंदूला विचारत बसत नाही. मेंदू फक्त वरून लगाम धरून असतो. तो सुटला, की पाय लाथ मारल्यासारखा उडतो. दुसरी खूण तळपायाची. माझ्या निमुळत्या टोकाने तळवा ओरखडला, की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर गेला, तर समजायचं, मेंदूकडून खाली येणाऱ्या घाटात कुठेतरी दरड कोसळली आहे. कुठे, ते शोधायचं.

आमच्या फिजिओथेरपी कॉलेजात मज्जासंस्थेच्या प्रात्यक्षिकाला एक ठरलेले रुग्ण होते. नाव महिपत, पण सगळे त्यांना आप्पा म्हणत. साखरप्याच्या अलीकडच्या एका वाडीतले शेतकरी. मुंबईत वॉचमन होते, तिथे नऊ वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय. तेव्हापासून दरवर्षी शिकवायला आप्पा, परीक्षेला आप्पा. बायको मथुरा एसटीने घेऊन यायची. आप्पा पलंगावर असे बसायचे, जसे गावच्या सभेत मानाच्या खुर्चीवर. शिकून गेलेल्या मुलामुलींची नावं त्यांना पाठ, आणि परीक्षेची उत्तरंही पाठ. घाबरलेलं पोर समोर आलं, की ते हळूच सांगायचे, "डावं अंग. ताठ झालंय. झटका जास्त. लिव."

पोरं लिहायची. आप्पांचा आशीर्वाद समजून लिहायची.

राही हे सगळं मोडायला आली होती. तरी पहिल्या दिवशी तिच्याकडूनही एक चूक झाली. तिने फाईल वाचली, डावा गुडघा दाखवला, डावा तळपाय दाखवला. "उजवी बाजू निरोगी, ती तुलनेला," असं म्हणत तिने मला उजव्या गुडघ्यावर उचललं आणि घंटा झाली. मी हवेतच राहिले. मग खिशात गेले.

त्या शनिवारी अंतर्गत परीक्षा होती. बारा विद्यार्थी, एक आप्पा. दहा जण आले, तपासून बाजूला लिहायला बसले. एकानेही मला उजव्या बाजूला लावलं नाही. अलोऱ्याच्या सर्वेशने तर मला उशीवर ठेवून थेट पेन काढलं.

अकरावी ईशा. समुद्रकाठच्या नाटे गावची. तिच्या घरची होडी आहे. दोरीला ओढ लागली, की मासा डोळ्यांआधी बोटांना कळतो, असं ती एकदा राहीला म्हणाली होती.

"बाय, उजवं चांगलं हाय," आप्पा कुजबुजले. "येळ नको घालवू."

ईशाने तरीही मला उजव्या गुडघ्यावर टाकलं. पाय असा उडाला, की हादरा माझ्या दांड्यातून तिच्या मनगटापर्यंत गेला. ती थबकली. मला उलटं धरून तिने उजवा तळपाय ओरखडला. टाचेपासून करंगळीच्या कडेने वर, मग अंगठ्याकडे.

अंगठा वर गेला. सावकाश, स्पष्ट.

"अगो, काय बगतंस?" आप्पा हसले. "गुदगुल्या व्हतात मना."

ईशाने कागदावर वरच्या दिशेचा बाण काढला. शेजारून सर्वेश दबक्या आवाजात म्हणाला, "ए, फाईलमध्ये उजवं नॉर्मल आहे. तू काय फाईलपेक्षा शहाणी?"

तिने बाण खोडला. "नॉर्मल" लिहिलं. मला ओरडायचं होतं. पण माझा आवाज म्हणजे रबराची टप्प, तीसुद्धा कुणी मारली तर.

परीक्षा आटोपली. मथुरा आप्पांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. लावता लावता राहीला म्हणाली, "उद्या सदूकडं जातंव. ह्यांची मान धरलीय महिनाभर. चांगल्या पायातली चप्पल पण सुटून जाते, त्यांना कळत नाय."

"कोण सदू?"

"आमच्या शेजारच्या वाडीतला. पायाळू हाय तो, जन्मताना आदी पाय आले त्याचे. आधी पाय लावतो, मग मान कटकन मोडतो. रविवारी सकाळी बगतो फक्त."

राही उत्तरपत्रिका गोळा करत होती. "बरं, बरं. जपून जा हं काकी," म्हणाली. ऐकलं, पण पोचलं नाही. निरोप अर्ध्या वाटेत अडतो तसा.

संध्याकाळी पाच वाजता ती तपासायला बसली. बारा कागद. पहिल्या दहांवर तेच निदान, तीच वाक्यं, तीच एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा. संतापाने तिचं पेन कागद फाडत होतं. अकराव्या कागदावर ते थांबलं. खोडलेला बाण तिने दिव्यासमोर धरला. मग ती हळूहळू उभी राहिली.

चप्पल सुटते. कळत नाही. सदऱ्याची बटणं बायको लावते, म्हणजे चांगला उजवा हातही नीट चालत नाही. मान धरली आहे.

तिने आप्पांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. मग ईशाला लावला.

"ईशा, खरं सांग. अंगठा कुठे गेला होता?"

"वर, मॅडम."

"मग खोडलंस का?"

ईशा म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात, उजवी बाजू निरोगी."

राहीने फोन टेबलावर ठेवला. मला घट्ट धरलं.

विभागप्रमुख विनीत सर कुलूप लावायला आले. तिने सगळं एका दमात सांगितलं. मानेत मज्जारज्जू दबत असावा. तशा मानेला उद्या सकाळी कुणी झटका दिला, तर चारही हातपाय जाऊ शकतात. श्वाससुद्धा.

"राही, एका खोडलेल्या बाणावरून?" सर म्हणाले. "वय झालंय त्यांचं. सोमवारी बोलावून घेऊ. आणि हे बघ, निदान डॉक्टर करतील, आपण नाही."

"म्हणूनच तर डॉक्टरांकडे न्यायचंय, सर. सदूकडे जायच्या आधी."

"परदेशातून येणारे सगळे पहिल्या वर्षी असंच धावतात," सर हसले. वाईट मनाने नाही. पण कुलूप लावून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कोल्हापूरच्या एसटीत आम्ही तिघी होतो. राही, ईशा आणि मी. कंडक्टर म्हणाला, "बाय, एप्रन घालून कुठं? गाडीत कोन आजारी हाय?" कुणीच हसलं नाही. प्रत्येक थांब्यावर राही घड्याळ बघत होती. एकदा ती पुटपुटली, "घंटा झाली म्हणून मी थांबले होते, ईशा. एवढंच कारण." ईशाने तिच्याकडे पाहिलं नाही.

उतरल्यावर चिऱ्याच्या पायऱ्यांच्या पाखाडीने त्या धावतच वर गेल्या. खिशात मी तिच्या बरगडीवर आपटत होते.

सदूच्या घरापुढच्या खळ्यात पाचसहा माणसं बसली होती. मध्ये पाटावर आप्पा. मागे सदू, धिप्पाड, उघडा, तेलाने चकाकणारा. त्याचा एक तळवा आप्पांच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे.

"थांबा!" राही ओरडली.

सदूने हात न काढता मान वळवली. "बाय, नंबर लावा. तुमच्या आदी चार माणसं हायत."

"हात काढा आधी. हात काढा त्यांच्या मानेवरून!"

तिच्या आवाजात असं काही होतं, की सदूचे हात खरंच सुटले. आप्पा गोंधळले. "मॅडमबाय? परीक्षा काल झाली ना? आज रविवार, मना सुट्टी हाय."

राही धापा टाकत समोर बसली. तिने मला बाहेर काढलं आणि ईशाच्या हातात दिलं. "तू. कालचंच पुन्हा कर."

आप्पांना खुर्चीवर बसवलं, पाय लोंबकळत. टप्प. उजवा पाय असा उडाला, की सदूची तेलाची वाटी कलंडून खळ्यात गेली. कुणीतरी "आयला" म्हणालं. मग तळपाय. सगळी माणसं वाकून बघत होती. अंगठा वर गेला.

"काकी, हा चांगला पाय ना?" ईशाने विचारलं. "पहिल्यापासून असाच उडायचा?"

मथुरा आप्पांच्या सदऱ्याच्या बटणांकडे बघत राहिली.

शेवटी राहीने आप्पांचा जबडा जरा सैल सोडायला लावला, हनुवटीवर बोट ठेवलं आणि बोटावर मला अलगद टाकलं. जबडा शांत, पायासारखा उडाला नाही. तिने सुस्कारा सोडला. "दरड डोक्यात नाही, ईशा. त्याच्या खाली आहे. मानेत." मग ती आप्पांकडे वळली. "आप्पा, मानेत नस दबतेय. जुन्या वाऱ्याचं हे नाही, हे नवीन आहे. आज मान मोडली असती, तर तुम्ही पाटावरून उठला नसतात. आपण कोल्हापूरला जायचं. आत्ता."

"काल बारा पोरांनी बगितलं," आप्पा चिडले. "कोन काय बोललं नाय. आनि तुमीच सांगितलंव, उजवं चांगलं."

"चुकले मी," राही म्हणाली. "फाईल वाचली. तुम्हाला तपासलंच नाही."

मग सदू बोलला. मला वाटलं होतं, तो भांडेल. "माज्या बापसानं सांगितलेलं," तो हात पुसत म्हणाला, "हातातली वस्तू पडते त्या मानसाच्या मानेला हात लावू नको. पन ह्यांनी मना तसं सांगितलं नाय. आनि मी पन इचारलं नाय."

"दोन महिने मी बटणं लावतंय," मथुरा हळूच म्हणाली. "मीच कोनाला बोलली नाय. म्हटलं, वय झालं."

आप्पा अजून उठेनात. त्यांनी राहीला जवळ बोलावलं आणि काल मुलांशी कुजबुजत होते तसेच कुजबुजले, "आप्रेशन झालं, की मंग मी परीक्षेला नाय चालनार?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस कशाला घाबरलाय. गावात तो वारं गेलेला महिपत होता. आमच्याकडे तो बारा मुलांचा मास्तर होता.

"चालाल," राही म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण एक अट. तोंड बंद ठेवायचं. उत्तर सांगितलंत, तर तुम्हालाच नापास करीन."

आप्पा हसले आणि उठायला हात पुढे केला.

सदूने स्वतःचा धुतलेला पंचा आणला. राहीने त्याची घट्ट घडी करून आप्पांच्या मानेभोवती बांधली. शेजारच्या दादूने गाडी काढली. राहीने कोल्हापूरच्या रुग्णालयात फोन करून सगळं सांगितलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मान हलू न देता घेऊन या. गाडीत बसण्याआधी मथुराने विचारलं, "बरे व्हतील ना?" राही खोटं बोलली नाही. "दबलेली नस किती परत येते, ते आज सांगता येत नाही, काकी. पण आणखी जाणार नाही, असं बघू."

गाडी घाटाच्या दिशेने गेली. मी तिच्यात नव्हते. निघताना राहीने मला ईशाच्या मुठीत ठेवलं आणि बोटं मिटवली.

आता मी रत्नागिरीला परतणाऱ्या एसटीत ईशाच्या मांडीवर आहे. माझ्या रबराला सदूचं तेल लागलंय. ते पुसायचं तिला सुचलेलं नाही. आप्पांचं काय होणार, मला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र एक सांगून ठेवते. तुमच्या घरात कुणाच्या पायातली चप्पल नकळत सुटत असेल, कुणाला बटण लावायला दुसऱ्याचा हात लागत असेल, तर "वय झालं" म्हणून पुढे जाऊ नका. आणि तुम्ही शिकवणारे असाल, तर घंटा झाल्यावरही मला खाली येऊ द्या. मी एका क्षणाचं काम आहे.

हातखंब्याला फोनला रेंज आली. वर्गाच्या ग्रुपवर राहीचा निरोप पडला, विनीत सरही त्या ग्रुपवर आहेत. ईशाने तो मोठ्याने वाचला, बहुतेक माझ्यासाठीच.

"कालच्या परीक्षेचे सगळे मार्क मी रद्द करते आहे. नापासांच्या यादीत पहिलं नाव माझं. मंगळवारी दहा वाजता पुन्हा परीक्षा. फाईल कपाटात, किल्ली सरांकडे. पहिला रुग्ण मी. मला काय झालंय आणि काय नाही, हे तुमच्यापैकी कुणालाही माहीत नाही. दोन्ही गुडघे तपासा."